साहेबांना दाखवायची प्रत

आमच्या केंद्रात एकाच सॉफ्टवेअरच्या दोनशे बारा प्रती निघाल्या आणि त्यांतल्या एकोणीस प्रतींच्या नावात 'शेवटची' हा शब्द होता. हे मी स्वतः मोजलेलं आहे. मी केंद्राचा भांडारपाल, मोजणं हेच माझं काम. 'दरड_शेवटची', 'दरड_शेवटची_खरी', 'दरड_गणपतीनंतर', 'दरड_ढाणे_रजेआधी', 'दरड_वापरू_नये' आणि तिच्याच खाली 'दरड_वापरू_नये_सुधारित'. एका पोराला सात आत्यांनी सात नावं ठेवावीत, तसला प्रकार. आणि ही मंडळी म्हणे डोंगराच्या पोटातलं ओळखणार!

पण ओळखत होती, हे मान्य करायला हवं. कोयनेच्या अलीकडच्या उतारांवरच्या सदतीस गावांत इंटरनेटसाठी काचेची तार पुरलेली आहे. तीच आमचा कान. तारेच्या एका टोकातून लेसरचा झटका सोडला, की काचेतल्या बारीक बारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा उजेड मागे फिरतो. तो किती वेळाने परत आला त्यावरून जागा कळते आणि मागच्या खेपेपेक्षा किती बदलून आला त्यावरून त्या जागी तार किती ताणली गेली ते कळतं. डोंगर सरकायच्या आधी तार ताणते. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याने का होईना, ताणते. अडचण एवढीच, की उजेडाला ट्रॅक्टरही कळतो, म्हशींचा तांडाही कळतो आणि लग्नाची वरातही. त्यातला डोंगर कुठला आणि वरात कुठली, हे ठरवायचं काम सॉफ्टवेअरचं. डोंगर ठरला, की निरीक्षण खोलीत भोंगा वाजायचा आणि पाळीवरचा निरीक्षक गावाला फोन लावायचा.

हे सॉफ्टवेअर लिहिलं वैजयंती ढाणे यांनी. पद वैज्ञानिक सहायक, वय त्रेपन्न, आवाज चढा. माझ्याकडून नेलेली वस्तू सांगितल्या दिवशी परत करणारी केंद्रातली एकमेव व्यक्ती. संचालक डॉ. देवस्थळी यांच्या नावावर चार स्टेपलर आणि एक छत्री अजून बाकी आहे.

निरीक्षकांपैकी एक होता हणमंत शेडगे, ढाणेबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. एकोणीस जुलै दोन हजार तेहेतीसला दुपारी केळेवाडीवर दरड आली, तेव्हा पाळी हणमंताची होती. अकरा घरं गाडली गेली, चार माणसं गेली. हणमंत चौकशीत एकच वाक्य बोलत राहिला, "भोंगा वाजलाच नाही." समितीने सॉफ्टवेअरची प्रत मागवली, तपासली, ती बिनचूक निघाली. मग ढाणेबाईंची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअर बरोबर आहे. भोंगा वाजला असणार." हणमंताची नोकरी गेली. बहीणभावाचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं, ते सहा वर्षं बंदच होतं.

यंदा, म्हणजे एकोणचाळीस साली, नियम बदलला. मधला फोन गेला, मधला माणूसही गेला. आता सॉफ्टवेअरला डोंगर सरकतोय असं वाटलं, की गाव खाली करायचा आदेश थेट घराघरांतल्या फोनवर जाणार आणि एसटीच्या गाड्या आपोआप निघणार. इतका अधिकार यंत्राला दिला, तेव्हा सरकारने एक अट घातली. ज्या ओळीच्या जोरावर गाव हलणार ती कुणी लिहिली, कधी लिहिली आणि का लिहिली, हे कुणालाही बघता आलं पाहिजे. देशातल्या बाराही केंद्रांनी आपापलं सॉफ्टवेअर इतिहासासकट एका सामायिक कोठारात जमा करायचं. मुदत एकतीस मे.

इतिहास! आमच्याकडे इतिहास म्हणजे वर सांगितलेल्या दोनशे बारा आत्या.

त्यासाठी 'गिट' नावाची, बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली आम्हाला शिकवायला रेहाना मुलाणी नावाची मुलगी आली. वय सत्तावीस, कराडची. पहिल्याच दिवशी तिने ढाणेबाईंना विचारलं, "मॅडम, फाइल बदलली की तुम्ही काय करता?"

"नवीन नावानं ठेवते."

"का?"

"जुनी लागली तर?"

"लागते का कधी?"

"लागते ना. सापडत नाही, हा भाग वेगळा."

रेहाना हसली नाही. तिला हे बाराव्यांदा ऐकायला मिळत असावं. "गिटमध्ये प्रती करायच्या नाहीत," ती म्हणाली. "फाइल एकच. बदल केला की नोंद करायची, तिला कमिट म्हणतात. काय बदललं ते गिटच टिपून घेतं. कुणी आणि कधी, तेही. 'का', ते मात्र तुम्ही लिहायचं. आणि प्रत्येक नोंदीचा एक ठसा असतो, तो आधीच्या नोंदीच्या ठशावरून काढलेला. म्हणजे मागची एक नोंद कुणी गुपचूप बदलली, तर पुढच्या सगळ्यांचे ठसे बदलतात. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे, त्याला लगेच कळतं."

मी दारात उभा होतो. डेडस्टॉक रजिस्टरला पानांवर छापील आकडे असतात ते याचसाठी, असं मी म्हणालो. रेहाना म्हणाली, "बरोबर, भाऊसाहेब. तुम्हाला शिकवायला नको." ढाणेबाई मला म्हणाल्या, "तुम्ही या नोकरीत उगाच लपून बसलात."

पंधरा दिवसांत बाईंना त्याची गोडी लागली. आधी चुकीच्या जागी नोंद करून रेहानाला हाका मारायच्या, मग रेहानाच्या चुका काढू लागल्या. गृहपाठ म्हणून त्यांनी सगळ्या जुन्या प्रती तारखेप्रमाणे लावून एकेक नोंद करायला घेतली. प्रत ज्या दिवशी ठेवली ती तारीख, ज्याच्या लॉगिनने ठेवली त्याचं नाव. त्यासाठी त्यांना जुन्या हार्ड डिस्क हव्या होत्या, आणि त्या माझ्याकडे होत्या. खरं तर त्या कधीच भंगारात जायच्या. पण आमच्या निर्लेखन समितीचे तिन्ही सदस्य आठ वर्षांत एकदाही एका दिवशी हजर नव्हते, त्यामुळे कपाट जसंच्या तसं.

"सतरा नंबर पण द्या," बाई म्हणाल्या.

सतरा नंबर म्हणजे निरीक्षण खोलीतला जुना संगणक. "तो कशाला? त्यात तीच प्रत असणार."

"असणार ना. पण करायचं तर पूर्ण करू."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी भांडारात रिकामी खोकी रचत होतो, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर काम करत होत्या. दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या की गिट फरक दाखवतं, गेलेल्या ओळी लाल, आलेल्या हिरव्या. बराच वेळ चाललेला कळफलकाचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. पडद्यावर हिरव्या रंगात एकच ओळ होती.

"मुलाणीला बोलवा," त्या म्हणाल्या.

रेहाना आली, वाकून वाचू लागली. चार हजार दोनशे मीटरपासून चार हजार सहाशे पन्नास मीटरपर्यंतच्या तारेकडे दुर्लक्ष करावं, असा त्या ओळीचा अर्थ. "हा कुठला भाग, मॅडम?"

"केळेवाडी. शाळेच्या पटांगणाखालून जाते तार."

"आणि हे एकोणीस जुलैला चालू होतं?"

"सतरा नंबरवर हेच चालू होतं. ही ओळ कुणाची ते बघायची काय आज्ञा सांगितली होतीस?"

"ब्लेम. नाव भांडखोर आहे, पण नुसतं कुणी लिहिली ते सांगतं." रेहानाचा आवाज खाली आला होता. "मॅडम, राहू दे आता."

बाईंनी आज्ञा दिली. ओळीच्या डाव्या अंगाला उत्तर आलं. वैजयंती ढाणे, एक जून दोन हजार तेहेतीस, पाच वाजून चाळीस मिनिटं.

मग त्यांना सगळं आठवलं आणि त्यांनी ते आम्हाला तिथेच, खोक्यांमध्ये बसून सांगितलं. दोन जूनला मंत्रीसाहेब केळेवाडीत यंत्रणा बघायला येणार होते. पटांगणात मांडव, ढोलताशे, हजारभर माणसं. आदल्या दिवशी तालमीत भोंगा तीनदा वाजला. देवस्थळी तेव्हा उपसंचालक होते. ते म्हणाले, "साहेब आल्यावर भोंगा वाजता कामा नये." बाईंनी एक वेगळी प्रत केली, तिचं नाव 'दरड_साहेबांना_दाखवायची'. साहेब आले, बघून गेले, चहा झाला. नऊ जूनला पावसाच्या आवाजाची एक सुधारणा करायची होती. बाईंनी सवयीने सगळ्यांत ताजी तारीख असलेली प्रत उघडली, तिच्यात सुधारणा केली, 'दरड_शेवटची_पावसाची' असं नाव दिलं आणि निरीक्षण खोलीत चढवली. तारांची वार्षिक ताणचाचणी मे महिन्यातच उरकलेली होती, त्यामुळे ही चूक पकडली गेली नाही. पुढे समितीने प्रत मागितली तेव्हा 'दरड_नक्की' दिली गेली. ती बिनचूकच होती. फक्त ती तेव्हा कुठेही चालू नव्हती. पुढे सतरा नंबर बदलला तेव्हा नव्या संगणकावर तीच चढली.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "मी साक्षीत काय म्हणाले होते?"

त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं.

संचालकांच्या खोलीत त्या गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं, सतरा नंबर माझ्या सहीने बाहेर काढलेला होता म्हणून. देवस्थळी वाईट माणूस नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ढाणेबाई, जुन्या प्रती जोडायची गरजच नाही. आजची चांगली प्रत घ्या, एकच नोंद करा. 'प्रारंभ'. नियमात बसतं, मी विचारून घेतलंय."

"इतिहासासकट म्हटलंय नियमात."

"इतिहास आजपासून सुरू झाला, असं म्हणू. हे बघा, पावसाळा वीस दिवसांवर आलाय. आपला भोंगा बहिरा होता हे लोकांना कळलं, तर उद्या आदेश आल्यावर घर कोण सोडेल? माणसं मरतील, बाई. तुमच्या एका प्रामाणिकपणापायी."

हा मुद्दा खरा होता. बाई म्हणाल्या, "सर, सहा वर्षं लोक समजतायत की भोंगा बरोबर होता आणि माणूस झोपला. गेल्या वर्षी सूचना दिली तेव्हा केळेवाडीतून किती घरं बाहेर पडली?"

"चौऱ्याऐंशीपैकी नऊ," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

देवस्थळींनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"होऊ दे. एकटीवर होणार नाही. 'का' लिहावं लागतं त्यात. मी लिहिलंय, साहेब आल्यावर भोंगा वाजू नये असं उपसंचालकांनी सांगितलं म्हणून. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही, तेही लिहिलंय."

"ही धमकी समजायची का मी?"

"नोंद समजा, सर."

त्याच आठवड्यात आम्ही हणमंताच्या गावी गेलो. त्याची आता पिठाची गिरणी आहे. बहिणीला दारात बघून त्याने पट्टा थांबवला, पण बस म्हणाला नाही. त्याची बायको शेवंता आत होती ती आतच राहिली.

"भोंगा वाजला नव्हता, हणमंता," बाई म्हणाल्या.

"हे मला सांगाया आलीस व्हय, आक्का? मला ठावं हाय की."

"बंद होता तो. केळेवाडीपुरता. ती ओळ माझी होती. चुकून राहिली."

हणमंत भिंतीला टेकला. हातांवरचं पीठ त्याने लुंगीला पुसलं, पुन्हा पुसलं. "सा वरसं," तो म्हणाला. "बाया दळाण ठिवत्यात आन् इचारत्यात, झोप लागली व्हती का वो भावजी? एकदा नाय, धा येळा नाय. मी मोजायचं सोडलं. आन् तू तितं उभी ऱ्हाऊन सांगितलंस, वाजला आसणार."

"सांगितलं."

"येकदा तरी इचारायचंस मला. घरी येऊन. हणम्या, खरं काय ते."

"विचारायला हवं होतं."

"आता काय करनार?"

"एकतीस तारखेला सगळं कोठारात जाणार. माझ्या नावासकट."

"आत टाकत्याल तुला."

"टाकू देत."

"माझ्यासाटी करू नगंस हां. मी माप केलं, आसंबी समजू नगंस."

"मागितली का मी माफी?"

"मग माग की!" तो इतक्या जोरात ओरडला, की शेवंता बाहेर आली.

"मागते," बाई म्हणाल्या. "पण तू देऊ नकोस. इतक्यात तर नकोच."

हणमंताने पट्टा चालू केला. त्या आवाजात पुढे बोलायची सोय राहिली नाही.

एकतीस मेला सकाळी अकरा वाजता सभागृहात मोठा पडदा लावला. बाकीची अकरा केंद्रं पडद्यावर चौकोनांत बसलेली. देवस्थळींनी रेहानाला बाजूला घेऊन सांगितलं, "एका नोंदीचं पाठवायचं." रेहाना जरा मोठ्यानेच म्हणाली, "सर, दोन्ही तयार आहेत. पण मूळ लेखकाच्या डिजिटल सहीची किल्ली लागते, आणि ती मॅडमकडे आहे."

ढाणेबाई उठल्या, संगणकापाशी गेल्या आणि बसल्यासुद्धा नाहीत. उभ्यानेच किल्ली दिली. दोनशे बारा नोंदी, सगळ्या आत्या आपापल्या नावांसकट, वर चढल्या. मुंबईच्या चौकोनातला एक तरुण 'वापरू_नये_सुधारित' वाचून फिसकन हसला. मग शेवटच्या नोंदीवर आला आणि त्याचं हसू गेलं.

दोनशे तेरावी नोंद नवी होती. तारेचा एक मीटर जरी कुणी बहिरा केला, तरी सॉफ्टवेअर चालूच व्हायला नकार देईल, अशी तपासणी बाईंनी घातली होती. गिटच्या नोंदीत दोष आधी कुणी कळवला त्याचं नाव द्यायची रीत आहे. त्यांनी लिहिलं होतं, "केळेवाडीचा भोंगा वाजलाच नाही. कळवणारा: हणमंत शेडगे, निरीक्षक, १९ जुलै २०३३. दखल घेण्यास झालेला विलंब: पाच वर्षे, दहा महिने, बारा दिवस. विलंबास जबाबदार: वैजयंती ढाणे."

"मागे घ्या ते," देवस्थळी म्हणाले.

"घेता येईल, सर," रेहाना म्हणाली. "पण अकरा केंद्रांनी आपापली प्रत उतरवून घेतली आहे. मागे घेतलं, हे अकरा ठिकाणी दिसेल."

संध्याकाळच्या आत बाईंच्या हातात निलंबनाचा कागद पडला. त्यांनी पोच दिली, ओळखपत्र माझ्याकडे जमा केलं आणि पावती मागून घेतली.

चौथ्या दिवशी केळेवाडीची माणसं आली, जीप भरून. पुढे सरपंच सोनाबाई दळवी, ज्यांचा नवरा आणि नातू त्या दुपारी गेले. त्यांना संचालक नको होते, ढाणेबाई हव्या होत्या. निलंबित माणसाला आत सोडता येत नाही. मी ढाणेबाईंचं नाव अभ्यागतांच्या वहीत लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'भेट' लिहिलं आणि सोडलं.

"ती वळ तुमची?" सोनाबाईंनी विचारलं.

"माझी."

बाई खाली बघत नव्हत्या. सोनाबाईही नाही. मला वाटलं आता हात उगारतात.

"मग नीट कुनी केली?"

"मीच."

"आन् तपासली कुनी?"

"मुलाणी मॅडमनी. बाकीच्या केंद्रांनीपण."

"हनमंतानं?"

सोनाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "त्या वक्ताला तुमी समदी शिकल्याली मानसं खोटी निगाला. येकटा त्यो खरं बोलला. त्यानं हात लावून बगितल्याबिगर आमी घरं सोडनार न्हाई. फोन वाजू द्या न्हायतर फुटू द्या."

देवस्थळी म्हणाले, हणमंत शेडगे आता कर्मचारी नाहीत. ढाणेबाई म्हणाल्या, "मीही नाही, सर. हवं तर आम्ही दोघं बाहेरून करतो."

सहा जूनला सकाळी दहाला चाचणी ठेवली. केळेवाडीच्या पटांगणाजवळ तारेचा खड्डा आहे, तिथे तार चापात धरून तरफेने ताणायची, डोंगर ताणतो तशी, अगदी हलकी, दहा मिनिटं. तरफेवर हणमंत. तो कुणासाठी आला हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इकडे निरीक्षण खोलीत देवस्थळी, रेहाना, सोनाबाई, मी आणि उंबऱ्याबाहेर, अभ्यागत म्हणून, ढाणेबाई. हातात फोन, पलीकडे भाऊ.

"ताणतोय," एवढंच तो म्हणाला.

एक मिनिट गेलं, दोन गेली. पडद्यावरची रेघ सपाट होती. चौथ्या मिनिटाला चार हजार चारशेच्या आसपास ती थोडी उचलली. सहाव्याला चढली. मग भोंगा वाजला. सोनाबाई दचकून भिंतीला लागल्या. त्यांच्या कनवटीतला फोन वाजला. फोनच्या पलीकडून, डोंगराकडून, चौऱ्याऐंशी घरांतले फोन एकदम वाजल्याचा गलका ऐकू आला. खोलीत कानठळ्या बसत होत्या. निरीक्षण खोलीतल्या त्या भोंग्याच्या आवाजात हणमंताचं ओरडणं अर्धंच कळलं, "आक्का, वाजतोय का?"

देवस्थळी बटणाकडे सरकले. "झालं. सिद्ध झालं. बंद करा आता."

ढाणेबाईंनी उंबरा ओलांडला. ओळखपत्र नसताना ओलांडला, हे मी बघितलं आणि वहीत लिहिलं नाही. बटण आणि संचालक यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या आणि फोन धरलेला हात त्यांनी भोंग्याच्या तोंडाशी नेला.

"त्याची दहा मिनिटं व्हायची आहेत, सर," त्या म्हणाल्या. "वाजू द्या."